घरचा कारभार आणि परीक्षेचे अर्थशास्त्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मुलीने अर्थशास्त्राचे पुस्तक पुढे केले की आपल्यापैकी पुष्कळजणी ते मिटून परत देतात. “हे आमच्या आवाक्यातले नाही, तू आपली व्याख्या पाठ कर,” असे सांगून मोकळ्या होतात. वस्तुतः या शास्त्राचे इंग्रजी नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थच मुळी ‘घराचा कारभार’ असा आहे. जिच्या हाती कारभार, तिनेच त्याच्या शास्त्राला भ्यावे, हे नवल नव्हे काय?

लायनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली सांगितलेले सूत्र पाहा. गरजा अमर्याद, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग मात्र अनेक. म्हणून निवड करावी लागते. महिनाअखेरीस हजार रुपये उरले, तर सासूबाईंचा चष्मा घ्यावा की मुलाचे दप्तर? चष्मा घेतला की दप्तर राहिले. हे राहिलेले दप्तर म्हणजेच चष्म्याचा ‘संधी-खर्च’.

आता घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम घ्या. भुकेल्या पाहुण्याला पहिल्या पुरणपोळीने जे समाधान होते, ते दुसरीने थोडे कमी होते, तिसरीने आणखी कमी. चौथीला तो पानावर हात आडवा धरतो. मात्र मुलींनो, दोन गोष्टी विसरू नका. पोळ्या एकसारख्या हव्यात व पाठोपाठ वाढलेल्या हव्यात. एक दुपारी आणि एक रात्री वाढली, तर हा नियम लावता येणार नाही. दुसरे असे की, घटते ती सीमांत उपयोगिता. एकूण समाधान तिसऱ्या पोळीपर्यंत वाढतच असते. सीमांत उपयोगिता शून्य होते तेथे एकूण उपयोगिता सर्वांत अधिक असते.

मागणीच्या प्रकरणातही असाच घोटाळा होतो. हंगाम भरात आल्यावर आंबा स्वस्त झाला आणि आपण एक डझनाऐवजी दोन डझन घेतले, तर तो मागणीचा ‘विस्तार’. कारण बदलली ती केवळ किंमत. पण गणपतीत मोदकांसाठी नारळ अधिक लागले आणि भाव तोच असताना आपण जास्त नारळ आणले, तर ती मागणीची ‘वृद्धी’. एकीत आपण त्याच वक्रावरून खाली सरकतो, दुसरीत वक्रच उजवीकडे सरकतो. मिठाचे म्हणाल तर ते महागले म्हणून कोणी आमटी अळणी करीत नाही, आणि स्वस्त झाले म्हणून दुप्पट घालीत नाही. ही झाली अलवचीक मागणी.

शेवटी राष्ट्रीय उत्पन्न. येथे मात्र आपण सर्वांनीच थांबून विचार करावयास हवा. खाणावळीत पैसे घेऊन वाढलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. तीच पोळी आईने घरी केली तर मोजली जात नाही, कारण तिचा मोबदला कोणी देत नाही. ए. सी. पिगू यांनी १९२० साली या विसंगतीवर बोट ठेवले होते. मालकाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले, तर काम तेच राहूनही देशाचे उत्पन्न कमी झालेले दिसते! सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे श्रम हिशेबाच्या वहीत चढतच नाहीत.

मुलींनो, ‘राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यातील अडचणी’ हा प्रश्न आला म्हणजे हा मुद्दा अवश्य लिहा. परंतु तो केवळ गुणांसाठी लिहू नका. ज्या आईने चार वाजता उठवून चहा दिला, तिचेच श्रम त्या ओळीत आहेत, हे जाणून लिहा. आणि भगिनींनो, यापुढे मुलीचे पुस्तक मिटू नका. तिच्याजवळ बसा, आणि व्याख्या तिची व उदाहरण तुमचे, असा अभ्यास करा. व्याख्या एक वेळ विसरेल; आईने दिलेले उदाहरण विसरणार नाही.