लेकींच्या वंशातून लागलेला राजाचा शोध

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीच्या वंशावळीचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले, त्याला चार वर्षे झाली. त्याचा अहवाल द्यावा अशी चिटणीसांची आज्ञा आहे. तत्पूर्वी विलायतेतील एका बाईंची हकीगत सांगण्याची अनुज्ञा असावी. कारण तिने आमची एक मोठी चूक आमच्या पदरात घातली.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर पडला. लेस्टर येथील ग्रेफ्रायर्स मठात त्याला घाईघाईने पुरले. १५३८ साली मठ मोडला, आणि पुढे राजाची हाडे नदीत फेकून दिली अशी वदंता पसरली.

फिलिपा लँगली या बाई ना प्राध्यापिका, ना पुराणवस्तुशास्त्रज्ञ. पटकथा लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. २००४ साली लेस्टरमधील मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारात त्या गेल्या असता, राजा येथेच आहे असे त्यांना एकाएकी वाटले, असे त्या सांगतात. असल्या साक्षात्कारावर आमचा विश्वास नाही. परंतु बाईंनी नुसत्या वाटण्यावर भिस्त ठेवली नाही. जुने नकाशे व कागद पाहिले, परवानग्या मिळविल्या, विद्यापीठाच्या मंडळींस राजी केले. आणि ऐनवेळी पैसा अपुरा पडला तेव्हा रिचर्डच्या नावाने चालणाऱ्या सोसायटीच्या सभासदांनी वर्गणी धाडली. (आमचे खजिनदार हे ऐकत असतीलच.) २५ ऑगस्ट २०१२ रोजी, खोदकामाच्या पहिल्याच दिवशी, पायाची हाडे लागली. पुढे सारा सांगाडा निघाला. पाठीचा कणा वाकडा, कवटीवर शस्त्रांचे घाव.

पण हा राजाच कशावरून? मनुष्यदेहातील आनुवंशिक द्रव्याचा एक अंश केवळ आईकडून येतो. मुलालाही तो मिळतो, पण त्याच्यापाशीच संपतो. पुढच्या पिढीस देते ती मुलगीच. रिचर्डची सख्खी बहीण ॲन. तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी, असा माग काढीत जॉन ॲशडाऊन-हिल हे अभ्यासक कॅनडातील एका बाईंपर्यंत पोहोचले होते. त्यांचे चिरंजीव लंडनमध्ये लाकडी सामान घडवीत. त्यांचा अंश राजाशी जुळला! २०१५ साली लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये राजाचे इतमामाने दफन झाले.

उलट, राजघराण्याची पुरुषपरंपरा सांगणाऱ्या पाच पुरुषांची तपासणी केली, तर एकही रिचर्डशी जुळेना. मध्ये कोठेतरी कागदावरील पिता आणि खरा पिता निराळे होते. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

बाईंनी मग १४८३ साली लंडनच्या किल्ल्यातून नाहीशा झालेल्या, रिचर्डच्या दोन पुतण्यांचा शोध मांडला. लील येथील दप्तरातील १४८७ च्या एका पावतीवरून थोरला तेव्हा जिवंत होता, असे त्यांनी २०२३ साली म्हटले. पुष्कळ इतिहासकारांना ते मान्य नाही. आम्हासही पटत नाही. कोणी एखाद्यास राजपुत्र मानून पैसा पुरविला, एवढ्याने तो राजपुत्र ठरत नाही. आपल्याकडील भाऊसाहेबांचा तोतया आठवावा.

आता आमचा अहवाल. आम्ही स्वहस्ते लिहिलेल्या पानांवर मुलग्यांची नावे, जन्मसाल, शिक्षण, हुद्दा, सर्व आहे. मुलींच्या जागी 'कन्या दोन', 'कन्या तीन'. आमच्या आजोबांना चार बहिणी होत्या, एवढे ठाऊक आहे. लग्नात नावे बदलली, आणि माहेरची कोणी लिहून ठेवली नाहीत. आज आमच्या घरात त्यांपैकी एकीचेही नाव कोणास सांगता येत नाही. एकीला बेळगावकडे दिली होती, म्हणतात.

म्हणून छापखान्याकडे जाणारा मजकूर आम्ही थांबविला आहे. दाराशी कोरी पत्रके ठेवली आहेत. प्रत्येक घराने आपल्या आत्या, आज्या, पणज्या यांची माहेरची व सासरची नावे आणि गावे त्यांवर लिहून द्यावीत. बेळगावकडील कोणी मंडळी सभेत असतील, तर त्यांनी भोजनापूर्वी आम्हास अवश्य भेटावे.