वॉर्डात खंजेरी हवी

आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत जिल्हाभरातून आलेल्या माझ्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांनो,

अध्यक्षीय भाषणासाठी 'मेंदू आणि ताल : संशोधनाचा आढावा' हा विषय मला दिला होता. आढावा लवकर उरकते, कारण कित्येक वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट आज बोलायची आहे.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्टच्या प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधेच पहिली, वजनाची थाप गाळली. बाळांच्या मेंदूनं ती चूक पकडली. सम चुकली हे कळायला शिकवणी लागत नाही. त्याआधी २००७ साली ग्राहन आणि ब्रेट यांनी दाखवलं की माणूस निश्चल पडून ठेका ऐकत असला, तरी त्याच्या मेंदूतला बेसल गँग्लिया आणि हालचालींची आखणी करणारा भाग जागा होतो. म्हणजे ऐकतो कान, पण ताल धरतो तो आपल्याला चालवणारा मेंदू. पार्किन्सनमध्ये डोपामिन आटतं आणि नेमका हाच बेसल गँग्लिया अडतो.

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. पहिला : या रुग्णांची तालाची जाणच मंदावलेली असते, मग त्यांना तालावर चालवायचं कसं? दुसरा : मेट्रोनोमची टिकटिक पुरेशी असताना भजन कशाला? दोन्हींना माझ्याकडे एकच उत्तर आहे, सेलू तालुक्यातले एक आजोबा.

बहात्तरीचे शेतकरी. सपाट जागी कसेबसे चालत, दाराशी आले की थिजत. "मॅडम, पाय जमिनीले चिपकून जाते," म्हणायचे. फरशीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या. मेट्रोनोम लावला, त्यांच्याच चालीच्या वेगावर. मान तिरकी करून ते ऐकत राहिले, पाऊल काही उचललं नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यायनं चाळीस वर्सं भजनात खंजेरी वाजवली."

पुढच्या खेपेला नातू खंजेरी घेऊन आला. पोळ्याच्या सुमाराची दमट हवा, चामडं सैल पडलेलं. पोरानं बाहेर जाऊन पाच मिनिटं ती उन्हात धरली, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि साधा भजनी ठेका धरला. आठ मात्रा, समेवर भरीव थाप, अधेमधे चकत्यांची झणझण. आजोबांचा उजवा अंगठा आधी हलला, मग टाच. ते उंबरठा ओलांडून व्हरांड्यात गेले. मी पावलं मोजायची विसरले, कारण मी टाच पाहत होते. थाप पडण्याच्या क्षणभर आधी ती उचलली जात होती.

आजचा सगळा वाद मला त्या टाचेत सुटलेला दिसतो. आजोबा थाप ऐकून पाऊल टाकत नव्हते, थापेची वाट पाहत होते. हे वाट पाहणं टिकटिकीनं त्यांच्यात जागं झालं नाही, कारण टिकटिकीला सम नसते. ठळक, ठसठशीत सम मिळाली तर मंदावलेल्या जाणिवेलाही ती सापडते. २००५ चा हॅनन आणि ट्रेहब यांचा अभ्यास सांगतो की वर्षाच्या आत मूल आपल्या घरच्या तालांकडे झुकतं. मग सत्तर वर्षं जो ठेका अंगात मुरला, तोच आधी आजमावायला नको का?

मेट्रोनोमला मी नावं ठेवत नाही. थाउट यांच्या १९९६ च्या अभ्यासात तालबद्ध संगीतावर रुग्णांना तीन आठवडे घरी चालवलं, चालीचा वेग सुमारे २५ टक्के वाढला. पण तेही निव्वळ टिकटिकीवर नव्हे, संगीतावर.

आता ती गोष्ट. तेव्हा मी जिथे नोकरी करत होते तिथे, त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही, चौथ्याच दिवशी खंजेरी बंद झाली. "हे काही देऊळ नाही," असं मला ऐकवलं गेलं. खंजेरी फाटकावर चौकीदाराच्या खोलीत ठेवून घेतली. बाहेर प्रतीक्षाकक्षात दिवसभर टीव्ही चाले, तो गोंगाट कुणाला खुपला नाही. आजोबा त्यानंतर दोनदा आले, मग आलेच नाहीत. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, हे मला आजही डाचतं.

तुकडोजी महाराजांनी याच मुलखात खंजेरीवर गावंच्या गावं जागी केली. १९३६ साली आजच्या सेवाग्रामात ते गांधीजींजवळ राहिले, तिथे भजनं म्हटली. त्या मातीतल्या रुग्णालयात खंजेरी फाटकावर अडवली जाते, हे मला मान्य नाही. मेट्रोनोमचं परदेशी ॲप चालतं, गावची थाप चालत नाही, हा कसला शास्त्रीयपणा?

वेगवेगळ्या लयींतल्या भजनी ठेक्यांची ध्वनिमुद्रणं करून सगळ्या तालुक्यांत द्यावीत, असं मनात आहे. कोण करेल, पैसा कुठून येईल, ते पुढच्या बैठकीत पाहू. एक खबरदारी मात्र आजच सांगते : लय रुग्णाच्या चालीवरच धरा, घाईनं वाढवू नका, नाही तर पाय धावतात आणि माणूस तोंडावर पडतो.

सोमवारी ओपीडीत पार्किन्सनचा पहिला रुग्ण येईल. त्याला चालायला सांगण्याआधी एवढं विचारा : बाबा, तुमच्या गावात भजनाला काय वाजायचं?