घरगुती मत्स्यालयासाठी फिल्टरची निवड

घरी शोभेचे मासे पाळण्याचा प्रयत्न ज्यांनी एकदा तरी केला असेल, त्यांना पुढील चित्र परिचित वाटेल. एखादे कुटुंब मासळीच्या हौशी बाजारात जाते. तो बाजार कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरचा असेल, चेन्नईच्या कोळत्तूर भागातला असेल किंवा मुंबईच्या कुर्ल्यातला असेल. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच अशी काचेची पेटी, रंगीत खडे आणि डझनभर मासे घेऊन ते घरी परतते. पहिले काही दिवस मुले पेटीसमोरून हलत नाहीत. आठव्या-दहाव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागतात, आणि पंधरवडा संपण्यापूर्वी त्यांतले निम्मे दगावलेले असतात. पाणी मात्र अगदी नितळ दिसते. दुकानदाराने रोगट मासे दिले, असा निष्कर्ष निघतो आणि पेटी माळ्यावर जाते.

वस्तुतः अशा प्रसंगी बहुधा मासे रोगट नसतात. त्यांना मारणारे द्रव्य रंगहीन असल्यामुळे ते कोणाला दिसत नाही, एवढेच. अन्नातील प्रथिनांचे पचन झाल्यावर मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. पेटीत तो साचत राहतो. थोडा हिशेब केला म्हणजे याचे गांभीर्य ध्यानात येईल. शेकडा ४० भाग प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले, तर सुमारे ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. वर सांगितलेल्या पेटीत खडे व वरची मोकळी जागा सोडल्यास जेमतेम ४५ लिटर पाणी मावते. म्हणजे दर दिवशी लिटरमागे सुमारे पाऊण मिलिग्रॅमची भर पडते. त्यातही पाण्याच्या गुणधर्माने फरक पडतो. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या उदासीन पाण्यात या अमोनियाचा शेकडा अर्धा भागच तीव्र विषारी स्वरूपात असतो. पाण्याचा पीएच ८ असेल, तर हे प्रमाण दसपटीच्या आसपास वाढते. ज्यांच्या घरी विंधनविहिरीचे अल्कधर्मी पाणी येते, त्यांनी हे विशेषेकरून लक्षात ठेवले पाहिजे.

या विषाची विल्हेवाट निसर्गात कशी लागते, हे समजण्यास बराच काळ जावा लागला. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात त्याने सोनमाशांची जोडी, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एकत्र ठेवल्या होत्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजकी पाने खातात आणि मासे जगतात, असा समतोल त्याने दाखवून दिला. परंतु त्या पात्रात आणखीही भागीदार होते, आणि ते त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यून्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी, अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया सजीवांकडून घडते, असे सिद्ध केले. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की याने हे कार्य करणारे जीवाणू वेगळे काढले. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो व दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट बनवतो. नायट्राइटही घातकच असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते. ते पाणवनस्पती शोषून घेतात, आणि आठवड्याला चौथाई पाणी बदलल्याने उरलेलेही आटोक्यात राहते. ही दोन्ही कामे एकट्यानेच करणारे जीवाणूही असतात, असे २०१५ मध्ये आढळून आले.

फिल्टरच्या निवडीचा विचार येथून सुरू व्हावयास हवा. फिल्टरला आपल्याकडे गाळणी म्हणतात आणि या शब्दामुळेच गैरसमज होतो. चहाच्या गाळणीने चोथा अडवला की तिचे काम संपते. मत्स्यालयाच्या फिल्टरचे कचरा अडवणे हे दुय्यम काम होय. त्याचे मुख्य काम या जीवाणूंना राहण्यास जागा देणे आणि त्यांच्यापर्यंत प्राणवायूयुक्त पाणी सतत पोहोचवणे हे होय. कोळसा घातलेले फिल्टर पाण्याचा पिवळेपणा, वास किंवा औषधाचा अंश काढून टाकतात. तथापि तो कोळसा काही आठवड्यांत निकामी होतो, आणि रोजच्या व्यवहारात त्यावाचून अडत नाही.

बाजारातील प्रकारांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे निवड सोपी होते. सर्वांत साधा तो स्पंजचा फिल्टर. हवेच्या पंपातून आलेले बुडबुडे नळीतून वर चढताना आपल्याबरोबर पाणी ओढतात, आणि ते पाणी स्पंजमधून येते. स्पंजच्या असंख्य छिद्रांत जीवाणूंची वस्ती होते. दुसरा प्रकार खड्यांखाली बसवण्याच्या जाळीदार तबकाचा. यात खड्यांचा सगळा थरच फिल्टर बनतो. मात्र तबकाखाली गाळ साचतो व वनस्पतींच्या मुळांना अडचण होते. तिसरा, पेटीच्या काठावर टांगावयाचा विजेचा फिल्टर. तो कचरा चांगला उचलतो. चौथा, पेटीबाहेर ठेवलेल्या बंद डब्याचा, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर. त्याची क्षमता मोठी असते आणि मोठ्या पेटीला तो शोभतो. यंत्राचे फिल्टर घेताना ताशी पेटीतील पाण्याच्या चौपट पाणी फिरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु झुंजारू बेट्टा माशासारख्या लांब परांच्या जातींना जोराचा प्रवाह सोसत नाही, आणि सोनमासे इतकी घाण करतात की त्यांना मोठी पेटी व मोठा फिल्टर दोन्ही लागतात.

आपल्या देशात आणखी एका गोष्टीचा विचार अटळ आहे, आणि ती म्हणजे वीज. जीवाणूंनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. बंद डब्यातील पाणी थांबले की काही तासांत तेथील प्राणवायू संपतो, जीवाणू मरू लागतात, आणि वीज परत येताच डब्यातील दूषित पाणी थेट माशांवर येते. त्यातून उन्हाळ्यात अडचण अधिक. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच. उलट स्पंजचा फिल्टर पेटीतच उघडा असतो आणि बॅटरीवरील लहानशा पंपावरही तो चालतो. म्हणून जेथे वारंवार वीज जाते, तेथे साधा फिल्टरच अधिक भरवशाचा. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट पंपात शिरते.

उत्तम फिल्टरही एका चुकीने वाया जाऊ शकतो. स्पंज तपकिरी व बुळबुळीत झालेला पाहून गृहिणी किंवा मुले तो नळाखाली स्वच्छ धुतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. ते उपयोगी जीवाणूंनाही सोडत नाही. दुसऱ्या दिवशी स्पंज नव्यासारखा दिसतो आणि अमोनिया पुन्हा साचू लागतो. योग्य रीत अशी की, पेटीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा आणि लगेच जागेवर ठेवावा. दोन स्पंज असतील, तर ते आळीपाळीने धुवावेत.

तेव्हा आरंभीच्या कुटुंबाने काय करावे? त्या ४५ लिटरच्या पेटीसाठी दोन स्पंजांचा एक फिल्टर, त्याला पुरेल असा हवेचा पंप आणि थोडी व्हॅलिस्नेरिया एवढे पुरेसे आहे. बारा माशांऐवजी प्रथम तीन-चार गप्पी आणावेत आणि त्यांना चिमूटभरच खाद्य घालावे. जीवाणूंची वस्ती स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात; तोवर पाणी थोडे थोडे बदलत राहावे. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास हा काळ पुष्कळच कमी होतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. त्यानंतर मासे एकेक करून वाढवावेत.

पेटीच्या कोपऱ्यातील तो तपकिरी स्पंज पाहुण्यांना दाखवण्याजोगा नसतो. पण रंगीत खडे, दिवे आणि शंखशिंपले यांच्याआधी खर्च करावयाचा तो त्याच्यावर. माळ्यावर गेलेली पेटी खाली आणण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी मासे आणण्यापूर्वी महिनाभर त्या स्पंजाची चिंता वाहावी. पुढे मासे त्याच्या आधारे जगतील.