मोबाइलमधील शालेय दप्तर संगणकावर कसे उतरवावे?

(शिक्षण परिषदेतील भाषण)



मुलांची चित्रे, हस्तलिखिताची पाने, शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयाचे दाखले, या साऱ्यांची छायाचित्रे आज शिक्षकाच्या खिशातील मोबाइलमध्ये साठलेली असतात. तो पाण्यात पडला, म्हणजे वर्षभराचे काम बुडाले. म्हणून ती वेळोवेळी संगणकावर उतरवून ठेवणे अगत्याचे आहे.

पुष्कळ शिक्षक यासाठी व्हॉट्सॲपचा आश्रय घेतात. मार्ग सोपा खरा. परंतु छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रतिमा वाटेत आक्रसते. मुलाचे हसरे मुख ओळखू येते, पण दाखल्यावरील बारीक अक्षरे व शिक्का पुसट होतात, आणि त्याची झळ बिचाऱ्या विद्यार्थ्यास लागते. तीच प्रतिमा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोहोचते.

प्रतिमा शेकडो असतील तर साधी केबलच बरी. तिला इंटरनेट लागत नाही. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडला की बहुधा तो नुसता चार्ज होऊ लागतो आणि संगणकावर त्यातील काहीच दिसत नाही. येथेच अनेकांचा धीर सुटतो. वस्तुतः मालकाच्या संमतीवाचून मोबाइल आपले कपाट उघडत नाही, इतकेच. त्याचे लॉक काढावे, वरची सूचनापट्टी खाली ओढावी, यूएसबीविषयीच्या ओळीवर बोट टेकवावे व 'फाइल ट्रान्स्फर' निवडावे. मग 'डीसीआयएम' आणि त्यात 'कॅमेरा' हे फोल्डर सापडते. तरीही काही न दिसल्यास केबल बदलून पाहावी. काही केबली केवळ चार्जिंगपुरत्याच असतात, त्यांत माहिती वाहणाऱ्या तारा नसतात.

ब्लूटूथ एखाददुसऱ्या फाइलीस ठीक. त्याची चाल बैलगाडीची. शेअरइट व झेंडर या ॲपांवर केंद्र सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली. जुन्या मोबाइलवर ती राहिली असल्यास काढून टाकावीत.

फाइली हलवताना 'कट' न करता 'कॉपी' करावी. मध्येच वीज गेली तरी मूळ प्रत शाबूत राहते. दोन्हीकडील संख्या ताडून, चार-दोन फाइली संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच मोबाइलमधील जागा मोकळी करावी. संगणक दुकानातील असेल, तर काम आटोपल्यावर मुलांची छायाचित्रे तेथून, रिसायकल बिनमधूनसुद्धा, पुसूनच शिक्षकाने उठावे.