माणसं मोजा, पण शिमग्यात



शास्त्री आणि सोनवीच्या संगमाकाठी भरलेल्या या परिषदेत गावोगावच्या सरपंचांचं आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं स्वागत समितीच्या वतीनं मनापासून स्वागत. आपल्यापैकी कुणी रेल्वेनं संगमेश्वर रोडला उतरलात, कुणी आंबा घाट उतरून साखरप्यावरून आलात. मुंबई-गोवा महामार्गानं आलेल्यांची मात्र मी खास विचारपूस करतो. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज कॉलेजात आहेत.

गावची लोकसंख्या आणि गावची वाहतूक हा आजचा विषय. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती, २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. सिंधुदुर्गाचंही तेच झालं. कोकण रेल्वे तर १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. रेल्वेमुळे माणसं गेली असं मी म्हणणार नाही, ती गिरण्यांच्या काळापासून जातच होती. पण गाडी आली की गाव आपोआप भरेल, हा आपला भाबडेपणा त्या आकड्यांनी उघडा पाडला.

२०११ च्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा अभिमानानं सांगणारे भेटतात. त्याचा बराचसा अर्थ घरधनी मुंबईला आहे एवढाच, मंडळी! गावात उरल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोन्ही योजना उत्तम. पण सवलत मिळते ती गाडीत बसल्यावर. ज्या वाडीत गाडीच जात नाही, तिथली आजी अर्धं तिकीट कशाचं काढणार? ती देवरुखला डॉक्टरकडे जाते रिक्षानं, पुरं भाडं मोजून.

आता रस्त्याचं बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली आणि तिनं देशाचं भलं केलं, यात वाद नाही. पण तिचा साधारण निकष सपाटीवर ५०० लोकवस्तीचा आणि डोंगराळ राज्यांत २५० चा. महाराष्ट्र काही त्या डोंगराळ राज्यांच्या यादीत नाही. आपलं गाव मात्र वाड्यांत विखुरलेलं: एक वाडी पऱ्ह्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी सड्यावर. एकेका वाडीची माणसं मोजली की ५०० भरणं कठीण, त्यात निम्म्या घरांना कुलपं. माणसं कमी म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून बारावीनंतर पोरगं खोली घेऊन बाहेर राहतं. पुढच्या गणतीत आणखी एक डोकं कमी.

नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षी होळी मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे गणती उरकल्यावर शिमग्याच्या पालख्या बाहेर पडणार! शिमग्यात किंवा गणपतीत कुणी मोजायला आलं असतं, तर आमच्या वाड्या डोळ्यांत भरल्या असत्या. विनोद सोडा, पण ज्या गावची निम्मी माणसं बाहेर आहेत, त्या गावाला ये-जा करायला साधनं जास्त लागतात, कमी नव्हे. माथ्यांच्या संख्येवर गाड्या ठरवणं इथं चुकीचं आहे.

जेवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, पोटभर जेवा. इथल्या कसबा गावातलं कर्णेश्वराचं देऊळ बघितल्याशिवाय जाऊ नका. आणि ठराव लिहायला बसाल तेव्हा एक मागणी पहिल्या ओळीत घाला: वाडीच्या रस्त्याला लोकसंख्येची अट नको, आणि रात्री गावात मुक्कामाला येणारी एसटी प्रवासी मोजून बंद होता कामा नये.