गाय मरत नाही, आटते



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मला विचारले, "कोंबड्यांचा रोग आणि लस गाईला? छपाईत काही चुकायचे नाही ना?" चूक काही नाही. २०२४ च्या मार्चपर्यंत मीही हा प्रश्न हसण्यावारी नेला असता. त्या महिन्याच्या २५ तारखेला अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले, की टेक्सास आणि कॅन्सस या राज्यांतील दुभत्या गाईंच्या दुधात बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आहे. त्या गाई चारा टाकीत होत्या. दूध एकाएकी उतरले होते, आणि जे येत होते ते चिकासारखे पिवळे नि दाट. मेल्या त्या फारच थोड्या. हा विषाणू गाईच्या कासेत घर करतो. एका गाईच्या सडाला लावलेला यंत्राचा कप न धुता दुसरीला लावला, की रोग पुढे गेला. गोठ्यातल्या मांजरांनी ते कच्चे दूध प्यायले आणि ती मेली. धारा काढणाऱ्या मजुरांचे डोळे लाल झाले.

अमेरिका लांब आहे खरी. पण हा विषाणू आपल्याला परका नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला तो कोंबड्यांत आला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात त्याने तीन वाघ आणि एक बिबट्या नेला. लगेच पुढच्या महिन्यात उदगीरला कावळे मरून पडले, तेही त्यानेच. आपल्या गोठ्यात त्याची नोंद नाही. पण संगमनेर-राहात्याकडे जाऊन पाहा. दूध हाच तिथल्या संसाराचा रोजचा पैसा आहे. आणि लोणी, घोडेगाव, काष्टीच्या बाजारात जनावर कुठून येते आणि कुठे जाते, याचा हिशेब कोणी ठेवावा?

कोंबड्यांत रोग निघाला, की शेडच्या शेड मारून पुरतात. गाईच्या बाबतीत ती वाट बंद आहे. तेव्हा उरते ती लस.

लसीचा आपला अनुभव ताजा आहे. ४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी दिसली आणि थोड्याच दिवसांत ती आपल्या जिल्ह्यात उतरली. बाजार बंद झाले. तेव्हा शेळ्यांच्या देवीवरची लस तयार होती. विषाणू जवळच्या कुळातला, म्हणून तीच गाईला टोचली. राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश, आणि लस सरकारने फुकट दिली. बर्ड फ्लूसाठी अशी उसनी लस हाताशी नाही. अमेरिकेने २०२४ च्या ऑगस्टअखेर गाईंवर लसीच्या चाचण्यांना वाट करून दिली. त्यातली अडचण समजून घ्या. सुई मानेत टोचायची, प्रतिकारशक्ती रक्तात यायची, आणि शत्रू शिरणार सडातून! रक्तातले ते बळ कासेपर्यंत पुरेसे पोचते का, हा खरा प्रश्न.

दुसरी अडचण माझ्या मते अधिक मोठी. लस टोचलेली गाय वरून धडधाकट दिसेल, पण थोडा विषाणू दुधातून सोडत राहील, असे होऊ शकते. मग रोग आहे की नाही हे कळायचे कसे? बुळकांडीच्या वेळी हाच पेच होता. १९५४ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. शेवटी शेवटी तर लस टोचणे मुद्दाम थांबवावे लागले, का, तर लसीच्या आडोशाला रोग लपलेला नाही ना, हे पाहण्यासाठी! १९९५ नंतर तो देशात दिसला नाही आणि २०११ मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. आज यावर तोड आहे. विषाणूची एकच खूण लसीत घालायची. मग रक्तात दुसरी खूण सापडली तर समजायचे, की या गाईला खरा रोग होऊन गेला. लाळ्या-खुरकुताच्या लसीत आपले पशुवैद्य अशाच युक्तीने काम करतात.

पण हे सारे केव्हा? शेतकऱ्याने गाय आजारी आहे असे सांगितले, तर! आणि त्याने ते का सांगावे?

लम्पीत दुभती गाय मेली तर ३०,००० रुपये, बैल मेला तर २५,०००, वासरू गेले तर १६,००० अशी मदत मिळाली. ती योग्यच होती. पण तिचे माप मढ्याचे होते. वाचलेल्या, पण दूध गेलेल्या गाईसाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. या नव्या रोगात तर गाय मरतच नाही, आटते. ओहायोतल्या एका कळपात आजारी गाईमागे दोन महिन्यांत सुमारे ९०० किलो दूध घटले. आपली संकरित गाय त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतके दूध देते असे धरा. तरी ३०० लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर ९,००० रुपये. शिवाय गोठा रोगी ठरला, की उरलेल्या गाईंचे दूध तरी केंद्रावर कोण घेईल? त्या घरची बाई उद्या सकाळी डॉक्टरला निरोप धाडील की आजारी गाईचे दूध चार गाईंच्या दुधात मिसळील? तिला दोष देण्याचा मला तरी अधिकार नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही दूध तापवून पितो. बरोबर, उकळीने विषाणू मरतो, आणि तुमच्या पेल्यापुरते भय संपते. धार काढणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यात मात्र कच्च्या दुधाचा थेंब उडतो. तिला उकळीचा काय उपयोग?

अमेरिकेने २०२४ च्या उन्हाळ्यात घटलेल्या दुधाची भरपाई सुरू केली, आणि ६ डिसेंबरच्या हुकुमाने डेअरीच्या टाक्यांतले कच्चे दूध तपासायला घेतले. आपल्याकडे गावोगावच्या संकलन केंद्रात सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाचा नमुना फॅटसाठी काढतातच. तपासून उरलेले ते घोटभर दूध आठवड्यातून एकदा एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवता येईल. त्याचा खर्च संघाने सोसायचा, सरकारने सोसायचा, की तुमच्या-माझ्या पिशवीवर चार पैसे चढवायचे, आणि रोग निघाला तर लिटरमागे किती द्यायचे, हे रोग यायच्या आधी ठरवून कागदावर आणायला हवे. माझे मत पिशवीवर चढवावे असे आहे. सभागृहातल्या काहींना ते रुचलेले दिसत नाही. त्यांनी आता जरूर उठून बोलावे.