क्षितिजाचं पहिलं अक्षर कोणतं?

आज थोडं कोडबद्दल. जँगोमध्ये स्वतःचा टेम्प्लेट फिल्टर लिहिताना देवनागरीचं काय होतं, ते बघूया.

प्रोफाइलला फोटो नसेल तर गोल चकतीत नावाचं पहिलं अक्षर दाखवतात ना, तोच फिल्टर घ्या. कोड एका ओळीचा: स्ट्रिंगमधलं पहिलं कॅरेक्टर परत द्या. आता नाव टाका क्षितिजा. चकतीत येतो 'क'. बरं, पहिली दोन घेतली तर लंगडा 'क्'. पहिलीतलं पोरगंही सांगेल की हे चूक आहे.

पायथन कोडपॉइंट मोजतं. 'क्षितिजा'मध्ये ते आठ आहेत, युटीएफ-8 मध्ये 24 बाइट, आणि आपल्या लेखी अक्षरं तीन: क्षि, ति, जा. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, म्हणजे 2023 साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी 'क्' आणि 'षि' वेगळे काढते. म्हणून मी फिल्टरमध्ये सरळ लूप लावते: पुढे मात्रा किंवा अनुस्वार असेल तर सोबत घ्या, हलन्त असेल तर त्याच्या पुढचं व्यंजनही घ्या. दहा-बारा ओळींचं काम.

स्लगचं प्रकरण जास्त वाईट. जँगोचा तयार स्लगिफाय फिल्टर देवनागरी पूर्ण पुसतो, हातात रिकामी स्ट्रिंग. मग आपण स्वतःच्या फिल्टरमध्ये युनिकोडची परवानगी चालू करतो, आणि 'पाणी टंचाई'चं होतं 'पण-टचई'! कारण पायथनच्या रेजेक्समध्ये मात्रा 'शब्दातलं कॅरेक्टर' धरलीच जात नाही. इथे युनिकोड कॅटेगरी तपासा. एल, एम आणि एन ठेवा. एम म्हणजे मात्रा, लक्षात ठेवायला सोपं. (खरं तर मार्क, पण चालतंय.) यूआरएलमध्ये 'स्लग' कन्व्हर्टरऐवजी 'एसटीआर' लावा, पहिला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो.

आणि एक. काही जण 'अदृश्य कॅरेक्टर काढा' असा सफाई फिल्टर लावतात. जपून. काही कीबोर्ड 'दऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि मध्ये झीरो-विड्थ जॉइनर टाकतात. तो जॉइनर काढलात की ट्रेकच्या पानावर सह्याद्रीतल्या दऱ्यांचा थेट 'दर्या' होतो. एरर येत नाही, टेस्टही पास होते. त्यामुळे आधी र-हलन्त-जॉइनरच्या जागी 'ऱ' आणि हलन्त टाका, सफाई नंतर.